मुंबईत कुलाब्याच्या ससून डॉकला पहाटे मासे आणायला जायचंय? आधी हे वाचा

ओळखीतलं कुणी ना कुणी महिन्या-दोन महिन्यांनी विचारतंच, की तू ससून डॉकला जातोस ना रे, आम्हाला पण घेऊन चल, तिथे एकदम ताजे आणि पाण्याच्या भावात मिळतात म्हणे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. मी काही कोळी नाही, मासळीच्या धंद्यातला पण नाही, डोंबिवलीत राहणारा साधा खाणारा माणूस, पण दहा-बारा वर्षं महिन्यातून एखादी फेरी होतेच आणि करता येतील तेवढ्या चुका करून झाल्यात.

सगळ्यात आधी ते "बंदरावरचा म्हणजे ताजा" डोक्यातून काढून टाका. इथे लागणारे बरेचसे ट्रॉलर आठ-दहा दिवस समुद्रात असतात, पोटात बर्फाचे कप्पे असतात, पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा सगळ्यात खाली जातो आणि शेवटच्या दिवसाचा वर राहतो. धक्क्यावर सगळा माल एकदम उतरतो म्हणून आपल्याला वाटतं सगळा आत्ताच पकडलाय, पण एकाच बोटीतल्या दोन क्रेटमध्ये आठवड्याचं अंतर असू शकतं. म्हणजे तो वाईट असतो असं नाही हां, नीट बर्फात ठेवलेला मासा आठ दिवसांनी पण छान लागतो, आणि दारावर दुपारी बारा वाजता उन्हातून येणाऱ्या पाटीपेक्षा तो कितीतरी बरा. पण ओळखायचं काम तुमच्या डोळ्यांनी करायचं, जागेच्या नावावर सोडायचं नाही. मी एकदा सुरमईवाल्या मावशीला अगदी शहाणपणाने विचारलं की मावशी आजची ना, तर म्हणाली, "ट्रालरची हाय, बरफातली हाय, पन चांगली हाय, घेवाची तर घे." इतकं सरळ उत्तर मला आमच्या सोसायटीखालच्या दुकानात कधी मिळालेलं नाही. खरा कालचा-आजचा मासा हवा असेल तर छोट्या होड्यांचा माल शोधा. डोल, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावणारे जवळच्या पाण्यात असतात आणि लवकर परत येतात, त्यांचा बोंबील, मांदेली, करंदी, जवळा दिसायला गरीब पण तोंडात टाकल्यावर कळतं.

आता वेळ. भाव, गर्दी, माल, मजा सगळं वेळेवर आहे. खरा धंदा चार-साडेचारला सुरू होतो, सहापर्यंत मोठा माल हललेला असतो, सातनंतर उरलंसुरलं. लिलाव बघायचा असेल तर पाचच्या आधी आत शिरलेलं पाहिजे. फक्त घरापुरते दोन-तीन किलो घ्यायचे असतील तर साडेपाच ते साडेसहा ही वेळ मला बरी वाटते, कारण लिलावात माल उचललेल्या बायका तोपर्यंत बाजूला बसून किलोवर, वाट्यावर द्यायला लागलेल्या असतात आणि त्यांना पण आपल्याशी बोलायला जरा उसंत असते. आठ वाजता जाऊन "काय खास नाही रे तिकडे" म्हणणारे दोन मित्र माझ्याकडे आहेत, त्यांना मी आता उत्तर देत नाही.

जायचं कसं तर सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून टॅक्सी. सीएसएमटीपासून साधारण चार किलोमीटर, पहाटे रस्ता रिकामा, दहा-पंधरा मिनिटांत कुलाब्याला. ड्रायव्हरला नुसतं "ससून डॉक" सांगा, सगळ्यांना माहितीय. आमच्यासारख्या कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी पहिल्या लोकलने निघालं तरी पोचेपर्यंत पाच वाजून जातातच, म्हणून लिलाव बघायचा असला की आम्ही चौघं मिळून गाडी काढतो. गाडी आत घालायच्या फंदात पडू नका, टेम्पो, हातगाड्या, बर्फाच्या लाद्या यांच्यात अडकलात तर दीड तास बाहेर येत नाही, बाहेरच कुठेतरी लावा आणि चालत जा. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत गेलीय खरी पण या वेळेला तिचा उपयोग नाही, आणि परतताना मासे घेऊन त्या एसी डब्यात शिरायची माझी तरी हिंमत नाही.

गेटवर घड्याळाचा टॉवर दिसेल. हा डॉक १८७५ सालचा, बगदादहून आलेल्या ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससूनने भराव टाकून बांधलेला, आणि मुळात मासळीसाठी नव्हताच, कापसाच्या व्यापारासाठी होता. कापूस गेला, मासे राहिले. आत शिरलात की पहिली पाच-दहा मिनिटं वास अंगावर येतो, नाकाला रुमाल लावून फिरू नका, एक तर त्याने काही होत नाही आणि तिथे काम करणाऱ्या माणसांसमोर ते बरं पण दिसत नाही. दहा मिनिटांनी नाक आपोआप गप्प बसतं.

कपड्यांचं सांगतो. चप्पल घालून अजिबात जाऊ नका. खाली सगळीकडे बर्फाचं, माशांचं पाणी, आणि चपलेने ते पाणी चालताना मागून पँटवर, पार पाठीपर्यंत उडतं, घरी आल्यावर बायको सांगते तेव्हा कळतं. गमबूट असतील तर उत्तम, नाहीतर मागे पट्टा असलेले रबरी सँडल किंवा फेकून द्यायच्या लायकीचे जुने बूट. पँट दुमडून. पाठीवर सॅक नको, गर्दीत ती कुणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीला लागते. टोपली डोक्यावर घेतलेली बाई आणि हातगाडीवाला यांना ब्रेक नसतो हे लक्षात ठेवा, मागून "बाजू बाजू" किंवा "पाणी पाणी" असा आवाज आला की मान वळवून बघत बसायचं नाही, आधी बाजूला उडी मारायची मग बघायचं. आणि घरून निघताना बाथरूमला जाऊन या, का ते तिकडे गेल्यावर कळेल.

पैसे सुट्टे ठेवा. आता बऱ्याच जणींकडे क्यूआर कोड असतो पण ओल्या हाताने फोन काढायचा, नेटवर्क जायचं, मागे चार गिऱ्हाईकं थांबलेली, त्यापेक्षा शंभर-दोनशेच्या नोटा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या खिशात ठेवलेल्या बऱ्या.

पोचल्या पोचल्या काही घेऊ नका. हा माझा एकमेव कडक नियम. आधी एक फेरी पूर्ण मारा, हात खिशात घालून. धक्क्याच्या कडेने बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, आतल्या बोटीतून बाहेरच्या बोटीवर, तिथून धक्क्यावर टोपल्या हातोहात नाहीतर सरळ हवेतून फेकत येतात आणि पकडणारा बघतो पण कुठेतरी भलतीकडेच, तरी एक खाली पडत नाही. मग ढीग लागतात. पापलेट वेगळे, सुरमई वेगळी, हलवा, रावस, घोळ, शिंगाळा, वाम, आणि मधेच म्हाकुळ आणि वाकट्यांचे असे डोंगर की वाटतं एवढं मुंबईत खातं कोण, तर ते बरंचसं एक्सपोर्टला जातं, कंपन्यांची माणसं उभीच असतात. घोळ दिसली तर पोट फाडलेलं आहे का बघा, तिचं भोत म्हणजे आतला फुगा बाहेरच्या देशात सोन्याच्या भावात जातो, म्हणून तो आधीच काढलेला असतो. गंमत म्हणजे २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा केलं आणि गुजरातने घोळीला, ज्याला जे महाग त्याने ते घेतलं.

लिलाव कसा चालतो ते उभं राहून बघण्यासारखं आहे. एक जण ढिगापाशी उभा राहून आकडा ओरडतो, भोवती बायकांचं कडं, कुणी भुवई उडवते, कुणी नुसतं "हां" म्हणते, आकडा वर जातो आणि अर्ध्या मिनिटात सौदा खलास, पुढचा ढीग. पहिल्यांदा आपल्याला कोणी घेतलं, कितीला घेतलं काही म्हणजे काही कळत नाही. या बायकांचे वर्षानुवर्षांचे हिशेब असतात, आज उचल, पैसे नंतर, आपलं तसं काही खातंबितं नाही, तेव्हा कड्याच्या मागे उभे रहा आणि हात हलवू नका.

मी एकदा पुढे उभा राहिलो होतो. आम्ही तिघं मित्र, बांगड्याचा आख्खा टब, किलोला पडणारा भाव बघून डोकं फिरलं, म्हटलं तिघांत वाटून घेऊ, घेतला. पंचवीसेक किलो असेल. त्यातला एक जण घरून फोन आल्यावर दोन किलो घेऊन सटकला, दुसऱ्याच्या फ्रिजला बर्फाचा एवढासा कप्पा, म्हणजे उरलेले जवळजवळ सगळे माझ्याकडे. बांगडा हा तेलकट मासा, थांबत नाही. रविवारचा आख्खा दिवस मी आणि आई ओट्याशी, तळले, तिखलं केलं, शेजारी चार घरांत दिले, वॉचमनला दिले, संध्याकाळी बिल्डिंगमध्ये मला बघून लोक दार लोटून घ्यायला लागले. शिवाय बांगडा, तारली असले मासे गरमीत राहिले की वास येण्याआधीच बिघडतात, खाल्ल्यावर तोंड लाल होऊन अंगावर गांधी उठतात, आणि ते शिजवून पण जात नाही. तर घरी आज आणि उद्या मिळून जेवढे संपतील, फ्रीजरमध्ये नीट मावतील, तेवढेच. स्वस्त पडतात म्हणून नाही.

मग घ्यायचे कुणाकडून, तर लिलावातला माल घेऊन कडेला बसलेल्या बायकांकडून. एकदा चेहरा ओळखीचा झाला की पुढच्या वेळी त्याच मावशीकडे जा, दोन-तीन फेऱ्यांनंतर ती स्वतःच सांगते की आज पापलेट नको घेऊस, मांदेली ने. हे सगळ्या टिप्सच्या वरचं आहे. भाव करा पण थोडा, आणि भवानीच्या वेळेला म्हणजे तिची पहिली विक्री व्हायच्या आधी भाव विचारून, मासे चिवडून, घासाघीस करून निघून जाऊ नका, मग जे काही ऐकायला मिळेल ते तुमच्या कर्माने. मासा उचलून बघायचा तर विचारा, "मावशी, कल्ला दाखव ना," ती स्वतः उघडून दाखवते.

बघायचं काय. कल्ला लालबुंद किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी-करडा झाला की सोडा, आणि कल्ल्याला वरून लाल काही लावलंय अशी शंका आली तर बोटाने पुसून बघा. डोळा वर आलेला, काचेसारखा स्वच्छ, आत बसलेला आणि दुधी नको. अर्थात बर्फाच्या थेट संपर्कात डोळा कधीकधी पांढुरका होतो म्हणून एकट्या डोळ्यावर विश्वास नाही, अंग दाबून बघायचं, बोटाचा खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पापलेटची जुनी परीक्षा म्हणजे कल्ल्याजवळ दाबायचं, पांढरट पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर ठेवा खाली. बोंबील गुलाबी झाक असलेला, चकचकीत, अखंड पाहिजे, पिवळट आणि पोट फुटलेला नको. कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं असावं, लोंबायला लागलं किंवा काळे डाग पडले की शिळी, आणि हिशेब करताना लक्षात ठेवा की डोक्यासकट किलोभर कोळंबी सोलली की हातात जेमतेम अर्धा किलो येते. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे जिवंतच घ्यायच्या, मेलेली कुणी फुकट दिली तरी नको, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. अमावस्येच्या आसपास भरलेल्या मिळतात आणि पुनवेला पोकळ असं सगळेच सांगतात, माझा अनुभव पण साधारण तसाच. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्यांची तोंडं मिटलेली हवीत, उघडी असेल तर टिचकी मारून बघा, जिवंत असली तर मिटते.

वाट्यावर घेताना वरचे तीन मोठे आणि खाली बारके हा जगभरचा नियम, वाटा उलटा करून दाखवायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. वजनावर घेताना पाणी निथळून, बर्फ झटकून.

आणि तळहाताएवढे पण नाहीत असे पापलेट घेऊ नका राव. स्वस्त दिसतात, तळून कुरकुरीत पण होतात, पण ती पिल्लं आहेत, एकदाही अंडी न घातलेली. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचा कमीत कमी आकार ठरवून दिलाय, त्यात पापलेट आहे, त्याहून लहान पकडायलाच बंदी आहे, तरी बाजारात येतात कारण आपण घेतो. मोठा पापलेट परवडत नाही म्हणून रडणारे आपणच.

कापून देणारे पण तिथेच बसलेले असतात, थोडे पैसे घेतात आणि सुरमईच्या तुकड्या इतक्या सारख्या पाडतात की घरी कधी जमणार नाही. त्यांना दोन गोष्टी सांगा. डोकं टाकू नका (कालवण त्याचंच), आणि धुवून देऊ नका. डॉकमधलं पाणी बघितलंत की कारण विचारणार नाही. फक्त कापून बर्फात टाका, धुणं घरी.

दिवस कुठला निवडायचा? रविवारी सगळी मुंबई तिकडे, शुक्रवार आणि बुधवार पण जोरात. सोमवार, गुरुवार, शनिवार अर्ध्या मराठी घरांत मासे बंद, तेव्हा गर्दी कमी आणि मावशी जरा गोड बोलते. श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणखी निवांत, तुम्ही स्वतः पाळत नसाल तर हीच वेळ. गणपती गेले की मात्र सगळे महिन्याभराचा उपास सोडायला एकदम धावतात, त्या आठवड्यात भाव विचारून फक्त हसायचं. भरती-ओहोटीचं पण गणित आहे, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, डोल जाळ्यात मासळी भरपूर भरते, अष्टमीच्या बाजूला भांग असतो म्हणजे पाण्याला ओढ कमी, तेव्हा मासळी पण कमी. मी कॅलेंडरच्या छोट्या अक्षरातली तिथी फक्त यासाठी बघतो, आईला वाटतं मुलगा धार्मिक झाला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मशीनच्या बोटी जातच नाहीत, माशांच्या अंड्यांचा काळ असतो आणि समुद्र पण खवळलेला. त्या दोन महिन्यांत उगाच पहाटे उठून जाऊ नका, जे मिळेल ते बरंचसं फ्रोझन किंवा बाहेरून आलेलं. ऑगस्टमध्ये बंदी उठून, नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून झाल्यावर बोटींची ये-जा जोरात सुरू होते, तेव्हाचे पहिले काही आठवडे माल भरपूर आणि मोठा.

फोटोंचं वेगळं सांगतो कारण यावरून लोकांची भांडणं बघितलीत. फोटो काढायला मनाई असल्याचे बोर्ड आहेत, बाजूलाच नेव्हीचा भाग आहे. तरी लोक काढतात. २०१७ ला इथल्या जुन्या गोदामात कला प्रदर्शन भरलं होतं, भिंतींवर कोळणींची मोठमोठी चित्रं, तेव्हापासून बहुतेक कॅमेरे घेऊन येणारे वाढले असं मला वाटतं. शेडमध्ये शेकडो बायका बर्फाळ कोळंबी सोलत बसलेल्या असतात, किलोवर मजुरी, पहाटेपासून, बोटं पांढरी पडलेली, त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरून रील बनवणारा पोरगा मी बघितलाय आणि त्याच्या अंगावर पडलेलं सालपटांचं पाणी पण बघितलंय. छान झालं. आपल्या ऑफिसात कुणी असं येऊन उभं राहिलं तर?

कुलाबा फार लांब पडतं त्यांनी भाऊचा धक्का करावा. हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून चालत पंधरा-वीस मिनिटं, मोरा-रेवसच्या लाँची सुटतात तोच. मला विचाराल तर नुसत्या खरेदीला भाऊचा धक्का सोपा, मोकळा, किरकोळ विकणाऱ्या पण भरपूर. बघायला ससून डॉक. पहिल्यांदाच जात असाल आणि घरी म्हातारी माणसं-लहान पोरं पण यायचं म्हणत असतील तर त्यांना दोन्हीकडे नेऊ नका, पाय घसरतो.

परत येतानाची तयारी घरूनच करायची. थर्माकोलचा झाकणवाला खोका, आतून जाड प्लास्टिक, बर्फ तिथे मिळतोच, खाली बर्फ, मध्ये मासे पिशवीत, वर बर्फ. टॅक्सीवाल्याला आधीच सांगा की मासे आहेत, नंतर कळलं की अर्ध्या रस्त्यात तोंड वाकडं. लोकलने येणार असाल तर मालडबा, तिथे कुणी नाक मुरडत नाही, उलट दोघी-तिघी पाटीवाल्या तुमच्या पिशवीत डोकावून कितीला घेतले विचारतात आणि ऐकून हसतात, तेव्हा खरा भाव कळतो. रविवारी चहा, खिमा-पाव, कॉजवेवर टंगळमंगळ असं करत बसू नका, अकराच्या सुमारास मेगाब्लॉक सुरू झाला की मासे मांडीवर घेऊन प्लॅटफॉर्मवर बसायची पाळी येते. आम्ही बसलोय. भायखळ्याला, दीड तास, मे महिन्यात.

घरी आल्यावर आधी आंघोळ नाही, आधी मासे. बोंबील, बांगडा, मांदेली त्याच दिवशी. पापलेट-सुरमई धुवून, पूर्ण निथळून, एका जेवणाला लागतील तेवढ्याच तुकड्या एकेका डब्यात, म्हणजे परत परत वितळवायला लागत नाहीत. आणि खोक्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, मोरीत ओता आणि वरून दोन बादल्या पाणी. गाडीच्या डिकीत सांडलं असेल तर त्याच दिवशी धुवा, मी "उद्या बघू" म्हणालो होतो, तीन आठवडे कुणी माझ्या गाडीत बसलं नाही, फक्त पार्किंगमधली मांजर रोज बॉनेटवर.